मद्रासची गृहभेट आणि व्हीआरचा गॉगल

१९५६ साली मद्रासच्या चेटपेट भागात क्षयरोगाच्या औषधोपचाराचा अभ्यास करणारे एक केंद्र उघडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांनी मिळून ते चालवायला घेतले होते. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे जो प्रश्न हाती घेतला गेला, तो त्या काळी धाडसाचाच होता. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये न हलवता त्याच्याच खोलीत, त्याच्याच दाटीवाटीच्या वस्तीत ठेवून गोळ्या दिल्या, तर तो बरा होईल का? १९३ रुग्ण निवडले गेले. कोण घरी आणि कोण सॅनेटोरियममध्ये, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्यांच्या पद्धतीने ठरले. दोन्हीकडे वर्षभर तीच औषधे, आयसोनियाझिड आणि पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल). सॅनेटोरियममधल्यांना वर चांगले जेवण, स्वच्छ हवा, विश्रांती. घरच्यांच्या नशिबी अपुरे अन्न, गर्दी आणि बऱ्याचदा कामधंदाही. १९५९ साली निकाल छापून आला. सॅनेटोरियममध्ये ९२ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता, घरी ८६ टक्क्यांचा. पुढची काही वर्षे कुटुंबीयांवर लक्ष ठेवले, तेव्हा घरात रुग्ण राहिल्यामुळे इतरांना लागण जास्त झाली, असेही दिसले नाही.

जगाने यातला अर्धा धडा चटकन उचलला. रुग्णाला डोंगरावर नेण्याची गरज नाही, हे कळल्यावर पुढच्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतली सॅनेटोरियमे एकामागून एक बंद पडली. आपल्याकडे डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला सुरू केलेले बेल-एअर पुढे इतर रुग्णसेवेकडे वळले. धड्याचा उरलेला अर्धा भाग मात्र फाइलीत राहिला. मद्रासचे रुग्ण घरी बरे झाले, ते त्यांना घरी सोडून दिले म्हणून नव्हे. केंद्राचे आरोग्यसेवक त्यांच्या दारात जात होते, पुष्कळदा न सांगता. शिल्लक गोळ्या मोजत होते. औषध पोटात गेले की नाही, हे लघवी तपासून पाहत होते. रुग्ण ठरल्या दिवशी औषध न्यायला आला नाही, की त्याला शोधायला माणूस निघत होता. उपचार घरी गेला, त्याच्या पाठोपाठ माणूसही घरी गेला.

ही जुनी हकिकत आज काढण्याचे कारण नवे आहे. फुप्फुसाच्या दीर्घ आजारांवरचा व्यायाम-उपचार आता व्हीआरच्या, म्हणजे आभासी वास्तवाच्या, हेडसेटमधून घरोघरी पोचवावा, असा विचार वैद्यकीय जगात जोर धरतो आहे. रुग्णाने खुर्चीत बसायचे, डोळ्यांवर तो जाड गॉगल चढवायचा, समोर बाग किंवा समुद्रकिनारा उघडतो, एक आभासी प्रशिक्षक हातपाय हलवायला लावतो, आणि मैलोगणती दूर बसलेला फिजिओथेरपिस्ट नोंदी पाहतो. कल्पना हास्यास्पद मुळीच नाही. पण तिचे मोल ठरवायचे तर गॉगलकडे पाहून चालणार नाही. छातीच्या रुग्णाने हलायचे की पडून राहायचे, आणि कुठे, या दीडशे वर्षांच्या वादाकडे पाहावे लागेल.

त्या वादाची सुरुवात सायलेशियात झाली. हर्मन ब्रेमर या डॉक्टराने १८५०च्या दशकात ग्योर्बर्सडोर्फ या डोंगराळ गावात (आजचे पोलंडमधले सोकोवोव्स्को) क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. त्याचा रुग्ण चालत असे. चढणीच्या वाटा, ठरवून दिलेले अंतर, रोज थोडी वाढ, असा त्याचा परिपाठ. पण त्याच्याच हाताखाली बरा झालेला पेटर डेटवायलर १८७६ साली फाल्केनश्टाइनला स्वतःचे सॅनेटोरियम घेऊन बसला, आणि त्याने उलट वाट धरली: आरामखुर्ची, उघडा व्हरांडा, तासन्‌तास निपचित पडणे. जग डेटवायलरच्या मागे गेले. अधूनमधून कोणी बंड करी. इंग्लंडात फ्रिमलीच्या सॅनेटोरियममध्ये मार्कस पॅटरसन याने १९०५ पासून रुग्णांना आधी चालायला, मग मातीच्या टोपल्या वाहायला, मग फावडी-कुदळी चालवायला लावले. त्यामागचा त्याचा सिद्धांत टिकला नाही, पण काम करून माणसे खंगत नाहीत, हे त्याने दाखवले होते. त्याआधी १८९५ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या चार्ल्स डेनिसन यांनी फुप्फुसाच्या रुग्णांसाठी व्यायामाचे पुस्तकच लिहिले. दोघांचेही फारसे कोणी ऐकले नाही. विश्रांती हा उपचार देणाऱ्याला सोपा असतो. रुग्ण पडून राहिला की जोखीम दिसत नाही.

क्षयावर औषध सापडले आणि हा वाद संपायला हवा होता. तो दुसऱ्या आजाराकडे सरकला. सिगारेट, चुलीचा धूर, गिरणीतली धूळ यांनी श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले आणि फुप्फुसांची लवचीकता गेलेले रुग्ण, ज्यांना आज आपण सीओपीडीचे रुग्ण म्हणतो, त्यांना डॉक्टर तोच जुना सल्ला देत राहिले. दम लागतो ना, मग जिने चढू नका. १९५२ साली न्यूयॉर्कच्या अल्वन बराक यांनी लिहिले की, एम्फिसीमाच्या (फुप्फुसांची लवचीकता जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांना ऑक्सिजन देऊन चालवले, तर काही दिवसांनी ते ऑक्सिजनशिवायही पूर्वीपेक्षा जास्त चालतात. तेव्हा त्यांना खेळाडूसारखे हळूहळू तयार करून पाहावे. ही सूचना दहा-बारा वर्षे तशीच पडून राहिली. १९६०च्या दशकात डेन्व्हरलाच थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकारी लुईस नेट यांनी बरोबर नेता येईल असा ऑक्सिजन, श्वासाचे शिक्षण आणि रोजचे चालणे एकत्र करून त्याचा रीतसर कार्यक्रम केला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध केला. पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुसांचे पुनर्वसन, म्हणून आज जे ओळखले जाते, त्याचा पाया हा.

तरीही शंका राहिलीच. व्यायामाने फुप्फुस सुधारते का? नाही. कार्यक्रमाआधी आणि नंतर फुंकून घेतलेल्या स्पायरोमेट्रीचे आकडे जवळपास सारखेच येतात. मग माणूस जास्त चालतो कसा? या गाठीचे उत्तर १९९१ साली रिचर्ड कॅसाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. गाठ पायांत होती. दम लागतो म्हणून रुग्ण बसतो. बसून मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याशा श्रमानेही लॅक्टिक आम्ल सोडतात. ते निपटायला शरीर अधिक श्वास मागते. आणि मुळात अपुऱ्या फुप्फुसांवर जास्तीचा बोजा पडून दम आणखी वाढतो. व्यायामाने पाय सुधारले की तेवढ्याच चालीला श्वास कमी लागतो. फुप्फुस तेच, मागणी कमी. आपल्याकडे दम लागणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी प्राणायाम सुचवतोच. त्याने मन शांत होते, श्वासावर ताबा येतो, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याची सवय तर धाप आवरायला खरोखर उपयोगी आहे. पण बसून केलेल्या प्राणायामाने मांड्या परत येत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे.

यानंतरचे पुरावे इतके एकमुखी आहेत की, वैद्यकशास्त्रात असे क्वचितच घडते. २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण एकत्र मोजले गेले. सहा मिनिटांत रुग्ण जेवढे चालत होते, त्यात सरासरी ४४ मीटरची भर पडली. ४४ मीटर ऐकायला किरकोळ वाटतात; पण ज्याला घरातून वाण्याच्या दुकानापर्यंत जाता येत नाही, त्याला विचारा. या आढाव्याबरोबरच्या संपादकीयात असेही म्हटले गेले की, पुनर्वसन चालते की नाही, हे तपासणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही.

आणि तरीही हा उपचार रुग्णापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये सीओपीडीमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या १,९७,३७६ वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरी गेल्यावर ९० दिवसांत पुनर्वसन सुरू करणारे निघाले जेमतेम दीड टक्का. सुरू केलेल्यांपैकी ७.३ टक्के वर्षभरात दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होते. यातला काही फरक, मुळात जरा धडधाकट असलेले लोकच केंद्रावर जातात म्हणूनही असणार. तो वजा केला, तरी ज्या उपचाराचे पैसे विमा देतो, तोही शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना मिळत नसेल, तर दोष उपचारात नाही, त्याच्या पत्त्यात आहे. आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालय गाठायचे. बस किंवा गाडी हवी. सोबत कोणी तरी हवे, म्हणजे मुलाने किंवा सुनेने रजा टाकायची. आणि जिना उतरायलाच ज्याला दहा मिनिटे लागतात, त्याच्याकडून व्यायामासाठी आधी एवढा व्यायाम मागायचा.

म्हणून घर. इथे मेलबर्नच्या अॅन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेली चाचणी माझ्या मते या सगळ्या वाङ्मयातली सर्वात बोलकी आहे, कारण तिच्यात यंत्र जवळपास नाहीच. १६६ रुग्ण, निम्मे रुग्णालयातल्या कार्यक्रमाला, निम्मे घरी. घरच्यांकडे फिजिओथेरपिस्ट एकदा येऊन गेला. त्यानंतर आठवड्याला एक फोन, असे सात. व्यायाम म्हणजे चालणे आणि घरात सापडेल त्या वस्तूंनी स्नायूंना कामाला लावणे. आठ आठवड्यांनंतर घरचे रुग्ण केंद्रावरच्यांपेक्षा मागे नव्हते. कार्यक्रम पुरा करणारे मात्र घरी ९१ टक्के निघाले, केंद्रावर ४९. वर्षभराने दोन्हीकडचा फायदा ओसरला होता, हेही त्याच अहवालात प्रांजळपणे लिहिले आहे. १९५९चे मद्रास आणि २०१७चे मेलबर्न शेजारी ठेवले की दोन्हीकडे एकच रचना दिसते: रुग्ण घरी, आणि त्याची चौकशी करणारा माणूस ठरल्या वेळी हजर.

व्हीआरचे माप काढायचे, ते या सात फोनांच्या शेजारी ठेवून. काहीच न करण्याच्या तुलनेत गॉगल चांगला ठरेल, यात नवल ते काय? काहीच न करण्याच्या तुलनेत रेडिओही चांगला ठरेल.

व्हीआर स्वतः तितके नवे नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा पहिला संगणकी पडदा केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. वैद्यकात त्याचा सर्वात प्रामाणिक उपयोग सिअॅटलमध्ये झाला. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकापासूनच्या कामात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना त्यांना बर्फाच्या आभासी दरीत नेले. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण तिथल्या बाहुल्यांवर बर्फाचे गोळे फेकत होता, आणि वेदना कमी सांगत होता. लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. ते दुसरीकडे गुंतले की वेदनेच्या वाट्याला कमी येते. पुढे २०१९ पर्यंत तार आणि संगणकाविना चालणारे हेडसेट बाजारात आले. २०२१च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट पाठदुखीवर घरी वापरायच्या एका व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली. धाप आणि वेदना मेंदूत बऱ्याच अंशी सारख्याच वाटांनी जाणवतात. दोन्हींमध्ये शरीरातल्या बिघाडाइतकाच भीतीचाही हात असतो. मग वेदनेवर जे चालले, ते धापेवर का चालू नये?

योगायोग असा की, या प्रश्नावरचे काही मोलाचे काम ब्रेमरच्याच सायलेशियात झाले. ओपोलेच्या सेबास्टियन रुत्कोव्स्की यांच्या गटाने २०२० साली १०६ सीओपीडी रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीचा व्यायाम, व्यायामाला आभासी खेळांची जोड, आणि व्यायामाच्या जागी आभासी खेळ, असे तीन गट. मुदत दोन आठवडे. खेळ खेळणारे मागे पडले नाहीत, काही मोजमापांत पुढेच होते. त्याच गटाने पुढे हेडसेटमधल्या आभासी उपचार-बागेने रुग्णांचे नैराश्य आणि चिंता कमी होते का, हेही पाहिले आणि उत्तर आशादायक आले. पण हे सगळे रुग्णालयात, थेरपिस्टच्या डोळ्यांसमोर. घरचे म्हणावे तर मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला, आठ आठवडे हेडसेट वापरलेल्या दहा रुग्णांचा अभ्यास आहे. रुग्ण खूश होते, नेमाने करत होते. दहा माणसांवरून शहाण्याने एवढेच म्हणावे की, पुढे पाहायला हरकत नाही.

पोलंडच्या त्या १०६ रुग्णांच्या चाचणीत खेळांसाठी वापरलेले यंत्र होते मायक्रोसॉफ्टचे किनेक्ट. टीव्हीपुढे उभ्या माणसाच्या हालचाली टिपणारा हा कॅमेरा २०१० साली खेळासाठी बाजारात आला आणि २०१७ साली त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे वैद्यकीय पुरावा छापून येईपर्यंत ते यंत्र दुकानातून गेलेले होते. सीओपीडी वीस वर्षे माणसाच्या सोबत राहतो; खेळण्यांच्या बाजारातले यंत्र पाच-सात. नवी आवृत्ती येते, जुन्या हेडसेटला अद्ययावत सॉफ्टवेअर मिळेनासे होते, कंपनीला त्या धंद्यात रस उरत नाही. सार्वजनिक पैशातून हजार हेडसेट घेणाऱ्या कोणत्याही आरोग्य खात्याने निविदेत पहिला प्रश्न हा विचारावा की, सहाव्या वर्षी याचे काय होईल? स्टेथोस्कोपला हा प्रश्न विचारावा लागला नव्हता.

मी व्हीआरचा विरोधक नाही, आणि त्याचे खरे गुणही झाकू नयेत. पहिला, भीती. ज्याला एकदा जिन्यात श्वास अडकल्याचा अनुभव आला, तो पुन्हा जिन्याकडे जात नाही. त्याला स्वतःच्या छातीवरून लक्ष काढून हात उंचवायला लावणे, हे फोनवरच्या आवाजाला नेहमी साधत नाही. दुसरा, कंटाळा. खोलीतल्या खोलीत रोज वीस मिनिटे येरझाऱ्या घालणे किती जणांना जमते? तिसरा, जागा आणि ऋतू. दिल्लीच्या नोव्हेंबरात किंवा कोकणातल्या आषाढात बाहेर फिरायला जा, असा सल्ला देणाऱ्यावर रुग्ण हसेल. आणि चौथा, नोंद. रुग्णाने खरोखर किती हालचाल केली, हे हेडसेट न विसरता सांगतो. मद्रासचे आरोग्यसेवक गोळ्या मोजत, त्याचेच हे आजचे रूप.

पण त्या मोजलेल्या गोळ्या पाहून रुग्णाच्या दारात जाणारा माणूस होता. हेडसेटने सांगितले की, अमुक रुग्णाने चार दिवस काहीच केले नाही, तर फोन कोण उचलणार? कफाचा रंग बदलला आहे, पायांवर सूज आहे, पंप चुकीचा ओढला जातो आहे, औषध परवडत नाही म्हणून दिवसाआड घेतले जाते आहे, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. शिवाय सत्तरीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर अर्ध्या किलोच्या आसपासचे बंद यंत्र चढवताना चक्कर, मळमळ, तोल आणि ऑक्सिजनची नळी या चारही गोष्टींचा विचार आधी हवा. व्यायाम बसूनच हवा. बोटावर ऑक्सिमीटर हवा; तो कोरोनाच्या काळात पुष्कळ घरांत आलाच आहे. आणि ज्याला बंद लिफ्टमध्येही गुदमरते, त्याला गॉगल नको म्हणण्याचा हक्क हवा.

आता आपल्याकडे. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. १९९० साली तेच २ कोटी ८१ लाख. जगातल्या दीर्घ श्वसनविकारांमुळे होणाऱ्या आयुष्याच्या एकूण हानीपैकी ३२ टक्के एकट्या भारतात होते. लोकसंख्येत आपला वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास. आणि आपला रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला पाकीटभर सिगारेटी ओढणारा पुरुष असतोच असे नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. चूल, शेणी, लाकूडफाटा, धुळीची कामे, जुना क्षय ही त्यातली कारणे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला अनेकदा निदानच मिळत नाही; वयाने दम लागतो, असे घरचे म्हणतात आणि तीही म्हणते. क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स संपवलेला माणूस कागदोपत्री बरा असतो. त्याच्या छातीत उरलेल्या खुणांची वेगळी नोंद फारशी होत नाही. या उपेक्षित गटासाठी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या प्राध्यापिका सॅली सिंग यांच्या पुढाकाराने युगांडा, किरगिझस्तान, श्रीलंका आणि भारत अशा देशांत पुनर्वसनाचे संशोधन झाले, आणि त्यातले भारतातले केंद्र पुण्यात होते. तिथे लक्ष होते ते साध्या साधनांनी, स्थानिक सवयींना धरून कार्यक्रम कसा बसवता येईल, यावर.

चुलीपुढच्या त्या बाईच्या डोळ्यांवर गॉगल चढवून तिला इंग्रजीत सूचना देणाऱ्या गोऱ्या प्रशिक्षकाबरोबर आल्प्समध्ये नेण्यात काय अर्थ आहे? तिला बसून हात वर करायला सांगणारा आवाज तिच्या बोलीतला हवा, आणि त्या आवाजाने तिची चौकशीही करायला हवी. तो आवाज आपल्याकडे आहे. तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात, त्यात दम लागतो का आणि स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हे दोन्ही प्रश्न आधीच आहेत. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात सीओपीडीचा समावेशही झाला आहे. प्रश्न विचारला जातो, उत्तर लिहिले जाते. त्या उत्तरापुढे करायचे काय, याची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्पायरोमीटर नाही, तालुक्याला श्वसनाच्या पुनर्वसनाचे शिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट नाही. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम फुकटात टाका, असेही माझे म्हणणे नाही; त्यांच्या मानधनाचा प्रश्न किती जुना आहे, हे प्रत्येक आंदोलनात दिसते. या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते एका हेडसेटच्या किमतीपुढे जास्त वाटणार नाहीत.

क्रम असा लागावा. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि एक स्पायरोमीटर. मग एक गृहभेट आणि आठवड्याला एक फोन, मेलबर्नसारखा, पण मराठीत, अहिराणीत, गोंडीत. हे सुरळीत चालले, की जे रुग्ण भीतीने किंवा कंटाळ्याने तरीही मागे राहतात, त्यांच्यासाठी हेडसेट उसना देणारी पेटी. ती आठ आठवड्यांनी परत येईल आणि पुढच्या घरी जाईल. इथे व्हीआर खरेच उपयोगी पडेल, आणि सात फोनांच्या वर त्याने किती भर घातली, हेही मोजता येईल. उलटा क्रम लावला, म्हणजे आधी हेडसेट, मग उद्घाटन, मग छायाचित्रे आणि माणसाची नेमणूक पुढच्या आर्थिक वर्षात, तर दोन वर्षांनी ते हेडसेट रुग्णालयाच्या गोदामात सापडतील.

धोरणे ठरतील तेव्हा ठरतील. वाचकाला एक सांगणे आहे. तुमच्या घरात कोणी दम लागतो म्हणून अलीकडे बाहेर पडणे सोडले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: स्पायरोमेट्री कधी करायची, आणि फुप्फुसांच्या पुनर्वसनासाठी कोणत्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवता. आराम करा, एवढेच उत्तर मिळाले, तर प्रश्न पुन्हा विचारा.